कांतीशेठच्या दोऱ्यांचा पसारा

कळंबच्या कांतीशेठना वेळ विचारून बघा. ते आधी तुम्हालाच विचारतील, "कुणाच्या घड्याळात?"

माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या दोरे-बटणांच्या दुकानासमोर, त्यामुळं हे सगळं मी रोज बघतो. हवामानाच्या अंदाजावर तर त्यांचा भारी राग. मोबाईलमध्ये पाच अ‍ॅप ठेवलीत, ती एकमेकांवर पाळत ठेवायला. भिंतीवर फळी: खाली आठवड्याचे वार, वर पावसाचा जोर. प्रत्येक अ‍ॅपचा वेगळ्या रंगाचा दोरा खिळ्यांवरून ताणलेला. उद्यापर्यंत पाचही दोरे चिकटून चालतात, पुढं खराट्यासारखे फाकतात.

उघड्यावर कांदा टाकलेला कुणी येऊन विचारतो, "शेठ, मधला दोरा काय म्हणतोय?"

"मधला बघायचाच न्हाई. सरासरी म्हणजे पाच जणांनी मिळून मारलेली थाप. पसारा बघा. जेवढा पसारा, तेवढी तयारी."

"आन् पाची जुळले तर?"

"मंग लई संशय. एकमेकांचं बघून लिवत्यात, राव."

गावानं ती फळी मटक्याचा चार्ट ठरवली होती. मीही तिच्यावरून दोनदा आकडा लावला, खोटं कशाला बोलू.

यंदा दिवाळीला त्यांची मुलगी सरला बंगळुरूहून येणार होती. आई गेली तेव्हा आली, त्यानंतर तीन वर्षं नाहीच. आणि नेमके आताच शेठ गुरुवारपासून रोज चारला शटर ओढून गायब व्हायला लागले. हातात डबा, तोही दोन माणसांचा. घरात माणूस एकटा. मी काय समजायचं ते समजलो.

रविवारी सुईच्या निमित्तानं आत घुसलो. काउंटरमागं दुसरी फळी होती, नुसत्या वारांची. दोरे चार. येण्याचा वार सरला म्हणाली गेला गुरुवार, जावई शुक्रवार, नात येता मंगळवार, विहीणबाई बुधवार.

"फोन करून विचारा की एकदा."

"केले, म्हणून तर चार दोरे झाले." शेठ डबा भरत होते. "स्टॉपवर जाऊन बसतो. आमच्यात दिवस मावळला की जेवत न्हाईत. उशिरा उतरली तर घरी पोचेस्तोवर अंधार पडंल, पोर उपाशी राहील."

"आणि नाही आली की?"

"माझं मी तिथंच खातो. तिचं परत आणतो."

माझी मलाच लाज वाटली. तरी बोलून गेलो, "पण आज रविवार. आज तर एकही दोरा नाही."

"पसाऱ्याच्या आतलाच दिवस हाय ना, भाऊ."

मी माझं दुकान बंद करून आलो आणि डबा उचलला. "चला शेठ, चार वाजले."

कुणाच्या घड्याळात, ते त्यांनी विचारलं नाही.