साळूबाईचा अबोला

एका जंगलात, बाळांनो, सगळेच प्राणी भाडेकरू होते. जंगल होते एका हिरव्यागार बेटावर आणि मालक सिंह राहायचा समुद्रापलीकडे. त्याने जंगल कधी पाहिले नव्हते. ते आपल्या पणजोबांनी जिंकले, एवढे त्याला ठाऊक होते. मालकाला तेवढे पुरते.

कारभार पाहायचा आणि जमिनीचे भाडे, म्हणजे खंड, गोळा करायचा तांबोजीराव कोल्हा.

या जंगलाच्या टोकाला साळूबाई साळिंदर राहायची. तिच्या वाट्याला आली होती दलदल. नवरा त्याच चिखलात गेला. साळूबाईने तीन वर्षे चर खणले, धोंडे वेचले. मग कुठे मुठीएवढे बटाटे लागले.

तांबोजीराव बघायला आला.

"वा, साळूबाई! काय जमीन आहे!"

"आता झालीय, रावसाहेब. आधी दलदल होती."

"म्हणून दलदलीचा खंड घेत होतो. आता जमिनीचा घेऊ. दुप्पट."

"पण जमीन मी केली ना?"

"केलीस, तीही मालकांना न विचारता! दंड केला नाही, हे त्यांचे मोठे मन."

त्याच वर्षी साळूबाईच्या बटाट्यावर रोग पडला. सगळे पीक काळे पडून सडले. खंड थकला. तांबोजीरावाच्या कुत्र्यांनी साळूबाईचे बीळ पाडले. दोन पिल्लांना पोटाशी धरून ती उघड्यावर बसली. काटे असूनही तिला रडू आले.

"इथे आता मेंढ्या ठेवू," कोल्हा म्हणाला. "त्या चरतात आणि गप्प बसतात."

शेजारी जमले. रानडुक्कर फुरफुरले, "फाडतोच त्याला!"

साळूबाईने डोळे पुसले. "फाडशील, आणि फासावर जाशील. त्यापेक्षा त्याच्याशी बोलूच नका. त्याचं रांधू नका, त्याचं खणू नका. वाळीत टाका मेल्याला."

"एवढंच?" रानडुक्कर हिरमुसले.

"एवढं जमतंय का बघ आधी."

जमले. सकाळी तांबोजीरावाने चहा मागितला, तर स्वयंपाकीण ससुली घरी निघून गेलेली. न्हाव्याने पाठ फिरवली. टपाल आणणारा कावळा वरून उडून गेला. शेतात त्याचे बटाटे खणायला कोणी येईना.

त्याने घाबरून एका कुत्र्याच्या गळ्यात पत्र बांधले आणि त्याला पोहत सिंहाकडे धाडले, "महाराज, भयंकर बंड झाले आहे!"

सिंहाने उलट टपाली विचारले, "किती मेले?"

कोल्ह्याने कळवले, "मेले कोणी नाही. पण माझी दाढी कोणी करत नाही."

सिंहाने शंभर शिपाई कुत्रे पाठवले. त्यांनी बटाटे खणले. अर्धे तुडवले, उरलेले खाल्ले आणि शेकोटीला तांबोजीरावाचे कुंपण जाळले. तेव्हा तांबोजीरावाने बोचके बांधले. धक्क्यावर नावाडी पाणमांजर आकाशाकडे बघत बसले होते. शेवटी कोल्ह्याने वल्ही स्वतःच मारली. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हाताला फोड आले.

साळूबाईने बीळ पुन्हा खणले.

महिन्याने नवा कारभारी आला. तोही कोल्हाच, पण फार गोड. "कशा आहात, साळूबाई?"

साळूबाई गप्प.

"खंड जरा जास्तच होता, नाही का?"

साळूबाई गप्प.

"बरं, निम्मा करतो!" तो घाम पुसत म्हणाला, आणि त्याने मालकाला कळवले की जंगलात आता सगळे शांत आहे.

सिंहाने भर दरबारात मिशीवर ताव दिला. "पाहा माझे राज्य! रयत इतकी सुखी की तक्रारीचा चकार शब्द नाही!"

तात्पर्य : मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये. सुलटही देऊ नये.