उजळलेलं पोवळं

या, असे पुढं सरकून बसा. टाळ घटकाभर मांडीवर राहू द्या, कीर्तनाला अजून अवकाश आहे. तोवर कोल्हापूरच्या बापूसोंनी एका जिवासाठी दिवा कसा निवडला, त्याची गोष्ट सांगतो. हसू आलं तर हसा. देवाच्या दारात हसायला बंदी नाही.

बापूसोंचं गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ पेठेत, चांदीचं दुकान. हुपरी गावच्या पैंजणांत त्यांची हयात गेली. लेक आदिती समुद्रातल्या जिवांचं शिकायला गोव्याला गेली आणि जाताना आपली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी वडिलांच्या ओटीत घालून गेली. टाकीत दोन नारिंगी मासे आणि एक जिवंत पोवळं. अंगठीत असतो तसला तांबडा खडा नव्हे. हाताच्या पंजाएवढं, तपकिरी, मऊ, पाण्यात बोटं हलवत बसलेलं. नखाएवढ्या तुकड्यापासून आदितीनं ते वाढवलं होतं.

"मासे दांडगे हायत, त्यांचं काय न्हाय," ती म्हणाली होती. "आप्पा, ह्याला तेवढं जपा."

"तुला जपलं, मग ह्याला जपायला काय हुतंय?" बापूसोंनी शब्द दिला. त्यांचा शब्द म्हणजे गुजरीत शिक्का.

पुढं झालं असं, की एक दिवस वीज आली-गेली करत राहिली आणि टाकीवरच्या निळ्या दिव्यानं कायमचे डोळे मिटले. आदिती नेमकी कॉलेजच्या मंडळींबरोबर बोटीवर, फोन लागेना. पोवळं उजेडावर जगतं, एवढं मात्र बापूसोंना माहीत होतं.

"तसलाच निळा आणा की," त्यांच्या पत्नी रत्नाबाई म्हणाल्या.

"निळ्या उजेडात चांदी शिशासारखी दिसती. अगं, उभा जन्म उजेडावर धंदा केलाय मी. दिवा कसला घ्यायचा ते मला शिकवू नकोस."

त्यात खोटं काही नव्हतं. गिऱ्हाईक चांदी बघत नाही, चांदीवरचा उजेड बघतं, हे गुजरीत सगळे जाणतात. बापूसोंनी दुकानाच्या शोकेसमधले दोन पांढरेफेक दिवे उतरवले आणि टाकीवर बसवले. हॉलमध्ये भरदुपारचं ऊन पडलं. मासे दगडामागं जाऊन बसले ते जेवायलाही बाहेर येईनात.

थोड्याच दिवसांत पोवळ्याचा तपकिरी रंग फिका व्हायला लागला. बापूसोंची कळी खुलली. कारखान्यातून निघालेलं पैंजणही असंच काळपट असतं. रिठ्याच्या पाण्यात घातलं, घासलं, की मळ निघतो आणि आतली चांदी हसते.

"बघ, मळ निघायलाय. पोरीनं निळ्यात ठेवून ठेवून काळं पाडलं हुतं बिचाऱ्याला."

"पर ते हालत का न्हाय?" रत्नाबाईंनी विचारलं. "आधी कशी बोटं हलवत हुतं."

"उजळलेला माल हालत असतोय व्हय? ऐटीत बसलंय ते."

अजून झळाळी यावी म्हणून शोकेसमधले उरलेले दिवेही घरी आले आणि दुकानात पिवळे बल्ब लागले. शिरोळच्या धोंडुबाई नातीला पैंजण घ्यायला आल्या. उलटसुलट करून म्हणाल्या, "पावणं, चांदीच हाय न्हवं ही? पितळंगत दिसायलीया."

"उजेडाचा दोष हाय, मावशी."

"मग उजेडात दावा की."

बापूसो पैंजण घेऊन त्यांना बाहेर उन्हात घेऊन गेले. तेवढ्यात समोरच्या दुकानातून हाक आली, "मावशी, हिकडं या, आमच्यात आतच उजेड हाय." आणि धोंडुबाई गेल्या.

घरी तिसरीच तऱ्हा. रत्नाबाई जैन, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. टाकीच्या त्या प्रकाशात बाहेरचा दिवस कधी मावळतो ते कळायची सोय राहिली नाही. एका संध्याकाळी त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि खिडकीतून रस्त्यावरचे दिवे लागलेले दिसले. तुकडा ताटात ठेवून त्या उठल्या.

"आज तुमच्या दिव्यानं उपास घडवला. मालवा त्यो. अवो, माझं जाऊ द्या, त्या जिवाला तरी इसावा हाय का न्हाय?"

बापूसोंनी ऐकलं नाही, कारण पोवळं आता शुभ्र झालं होतं. गल्लीतली माणसं येऊन "रुप्याचं झाड" म्हणून वाखाणून गेली होती. त्यांनी फोटो काढून लेकीला पाठवला आणि खाली एकच शब्द लिहिला: उजळलं.

बोट किनाऱ्याला लागली तसा फोन आला.

"बघितलंस न्हवं, कसं उजळलंय?" बापूसोंनी विचारलं.

"आप्पा, ते उजळलं न्हाय. उपाशी हाय. मरायलंय ते."

मग तिनं समजावून सांगितलं. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर रांधतं आणि पोवळं जेवतं. दोघांनाही मानवतो तो खोल पाण्यातला मऊ, निळा उजेड. "तुमचा दिवा पडला झणझणीत. स्वैपाकीण घर सोडून गेली. तपकिरी रंग तिचा हुता, आप्पा. मळ न्हवता त्यो."

जन्मभर बापूसोंनी मळ काढला होता. कुणाची स्वयंपाकीण हाकलली नव्हती.

"परत येती का ती?"

"आत थोडी जरी उरली असंल, तर वाढंल. उजेड कमी करा, निळा लावा. आणि सांजेला बंद करत जावा. तसला दिवा मी येताना आणीन."

रत्नाबाई मागंच उभ्या होत्या. त्यांनी पुढं होऊन टाकीवरचे पांढरे दिवे मालवले.

पण लेक येईपर्यंत काय? गल्लीतला मंडपवाला धैर्यशील धावून आला. "आप्पा, माझ्याकडं मिरवणुकीतला निळा हाय. मंद बी हुतोय." त्यानं दिवा उंच टांगला, बटण दाबलं आणि हॉल समुद्रासारखा निळा झाला. भिंतीवरची चांदीची तसबीर शिशासारखी दिसली.

तेवढ्यात रत्नाबाईंनी डोळे मिटून मोठ्यानं णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली, आणि दिवा नाचायला लागला. त्यांचा आवाज निघाला की लखकन पेटायचा, त्या श्वासाला थांबल्या की विझायचा. मिरवणुकीतला दिवा तो, आवाजावर चालणारा. खिडकीतून रस्त्यावर उसळणारा निळा उजेड बघून तालमीतली मंडळी दारात गोळा झाली.

"काकू, डॉल्बी कुठं लावलाय?" एकानं विचारलं.

"मीच हाय," रत्नाबाई डोळे न उघडता म्हणाल्या, आणि दिवा परत लखलखला.

धैर्यशीलनं मागची कळ फिरवली तेव्हा कुठं तो शांत झाला.

त्यानंतर घराचा नेम ठरला. दिवस मावळायच्या आत रत्नाबाई जेवायच्या, हात धुवायच्या आणि टाकीचा दिवा मालवायच्या. दुकानातले दिवे दुकानात गेले. बापूसो मात्र रोज सकाळी टाकीला नाक लावून बसायचे. पोवळं पांढरंच. आजवर देवळात जाऊन त्यांनी बरकत मागितली होती. आता हात जोडून मळ मागायला लागले.

आदिती आली ती नव्या दिव्याचं खोकं काखेत घेऊनच. पिशवीही न ठेवता टाकीपाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"गेलं काय गं?" बापूसोंनी विचारलं.

"आप्पा, बुंध्याशी बघा."

बापूसोंनी पैंजणाचे टाके तपासायचं भिंग डोळ्याला लावलं. बुंध्याशी चहाच्या डागासारखी एक तपकिरी छटा होती, आणि तिच्यावरचं एक बोट, अगदी आळसावून का होईना, हलत होतं.

ते तसेच भिंग घेऊन दारात गेले. "धैर्यशील, मळ आला रं. मळ आला." गल्लीला वाटलं, आप्पांचं काहीतरी बिघडलं. पण चांदीचा व्यापारी मळ आला म्हणून पेढे वाटत घरोघर फिरला, आणि गल्लीनं ते खाल्ले.

परत आले तोवर आदितीनं नवा दिवा बसवला होता. "किती उजेड ठेवू, आप्पा?"

"मला इचारू नको," बापूसो म्हणाले. "आईला इचार."

तर मंडळी, आपल्याही अंगावर जो रंग दिसतो, तो कुणीतरी आत बसून, मुकाट्यानं रांधलेला असतो. आज घरी जाऊन पानावर बसाल, तेव्हा पहिला घास उचलण्याआधी त्या रांधणारीची तेवढी आठवण ठेवा.