सासऱ्यांचा मोतीबिंदू आणि विश्वसनीय सूत्रं

खोटी बातमी मला वासावरून कळते! वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून अर्धं आयुष्य गेलंय, उगाच नाही. त्यामुळे "अप्पा ऑपरेशनला नाही म्हणतायत" असं बायको म्हणाली, तेव्हा मी नुसता हसलो.

अप्पा म्हणजे माझे सासरे, वजनमापे खात्याचे निवृत्त निरीक्षक. एके काळी हे बाजारात शिरले की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे चहा कपात कमी आणि टेबलावर जास्त पडतो. म्हणून सध्या मुक्काम आमच्याकडे. वाचता येत नाही, मग दिवसभर मोबाइलवर 'पडद्यामागचं' नावाचं चॅनल ऐकत बसतात. सरकारं पाडण्यापासून कांद्याच्या भावापर्यंत सगळं गुप्तचर संस्था ठरवतात, असं त्या चॅनलवाल्याचं म्हणणं. आता त्यानं नवीन शोध लावला होता. मोतीबिंदू काढून जे भिंग बसवतात, त्यात म्हणे कॅमेरा असतो.

"तुमच्या डोळ्यातून ते बघणार काय, अप्पा? शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे?"

"ते मला कशाला सांगतील, जावईबापू? म्हणून तर गुप्तचर म्हणायचं त्यांना."

बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "परवा जिन्यात पाय चुकला त्यांचा. पडले म्हणजे? गुरुवारची तारीख मिळालीय. काहीही कर." तिचे डोळे भरले होते. मग मलाही हसू येईना.

वाद घालून उपयोग नव्हता. मी त्यांना आमच्या धंद्यातली पडताळणीच शिकवायला घेतली. "कुठल्याही बातमीला तीन प्रश्न विचारायचे, अप्पा. सांगतंय कोण? त्याला कळलं कसं? आणि सांगण्यात त्याचा फायदा काय? स्वतःचं नुकसान करून कुणी सांगत असेल, तर ते बहुधा खरं."

अप्पांचे डोळे चमकले असावेत. मोतीबिंदूमुळे नक्की सांगता येत नाही. "अहो, हे तर आमच्याच खात्याचं काम!"

संध्याकाळपर्यंत चॅनलवाल्याचं पितळ उघडं पडणार, अशी माझी खात्री होती. पण वजनमापेवाले तपासणीची सुरुवात नेहमी जवळच्या दुकानापासून करतात, हे मला कुठे ठाऊक!

"भिंगात कॅमेरा नसतो, हे तुम्हाला कळलं कसं?"

"वाचलं."

"म्हणजे ऐकीवच. स्वतः भिंग फोडून बघितलंत?"

"नाही."

"आणि मला दिसायला लागलं की मी माझ्या घरी जाणार. म्हणजे फायदा तुमचा."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा चहा पुसायला घेतला.

पुढचं दुकान दवाखान्याचं. ऑपरेशनआधीच्या तपासणीला मी त्यांना घेऊन गेलो, तर त्यांनी डॉक्टरीणबाईंचीच तपासणी मांडली. "मला मोतीबिंदू आहे, हे सांगतं कोण? तुम्ही. पैसे कुणाला मिळणार? तुम्हालाच."

"मग नका करू, आजोबा," बाई शांतपणे म्हणाल्या.

तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण बाहेर डोळ्यांत औषध घालून, डोळे मिटून बसलेली मंडळी होती. अप्पांनी त्यांच्यापुढे व्याख्यान सुरू केलं. बिचाऱ्यांना पळताही येईना. तरी दोघं भिंत चाचपत निघून गेलेच. काउंटरवरच्या मुलीनं आमची तारीख खोडली आणि म्हणाली, "यांना परत आणू नका."

घरी बायको एवढंच म्हणाली, "तुला शिकवायला कुणी सांगितलं होतं?"

सकाळी अप्पांनी मला चॅनलवाल्याचा नंबर लावायला लावला. आता त्याची पाळी होती.

"भिंगातल्या कॅमेऱ्याचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"विश्वसनीय सूत्रांनी."

"सूत्राला माझ्यासमोर उभं करा. मी निरीक्षक बोलतोय."

स्पीकरवर बारीक आवाज आला, "साहेब, कुठलं खातं?"

"खात्याचं फोनवर विचारायचं नाही."

पलीकडचा पार विरघळला. "साहेब, सूत्रं कसली? मी बोलतो, लोक ऐकतात, पोट भरतं. माझ्या आईला दोन्ही डोळ्यांत तीच भिंगं बसवलीत, मीच नेलं होतं. हे बाहेर फुटू देऊ नका, चॅनल बुडेल."

अप्पांनी फोन ठेवला. "हा माणूस स्वतःच्या नुकसानीचं बोलला, जावईबापू. म्हणजे खरं. बाईंची माफी मागा आणि तारीख घ्या."

व्याख्यान त्यांनी दिलं होतं, माफी मी मागितली. त्याच दिवशी चॅनलवर खास कार्यक्रम झाला: 'गुप्तचर खात्यानं मला धमकावलं!' अप्पा कानात प्राण आणून ऐकत होते. "बघा, खरंच मागे लागलेत त्याच्या."

"अप्पा, तो फोन आपलाच."

"आपण धमकावलं कुठे? तो दुसरा असणार."

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढल्यावर अप्पांनी आधी लेकीला बघितलं. "किती वाळलीस गं," म्हणत तिच्या गालावरून हात फिरवला. ती रडायला लागली. मग ते माझ्याकडे वळले आणि बघतच राहिले.

"जावईबापू, केस कुठे गेले तुमचे?"

"बरीच वर्षं झाली, अप्पा."

"आणि ही मला सांगत होती, तुम्ही होतात तसेच आहात." अप्पांनी डॉक्टरीणबाईंकडे बघून मान हलवली. "घरातली बातमी म्हणून मी पडताळलीच नाही."