मातीचा सिंह आणि काजव्यांचे दिवे

एका जंगलात, बाळांनो, फोटो काढायला शिकवणारी शाळा होती. हसू नका. तुमच्या शाळेत काय काय शिकवतात ते मला माहीत आहे.

शाळा साळिंदरबाईंची. उजेड कुठून घ्यावा, सावली कुठे पडू द्यावी, हे बाई घसा कोरडा होईस्तोवर सांगत. पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी एक खेळ तयार केला. गुहेत सिंहाचं मातीचं डोकं मांडलं. तीन पोकळ भोपळ्यांत काजवे भरून दिवे केले. दिवे सरकवायचे आणि सिंहाचं तोंड उजळायचं. जमलं की वर बसलेला पोपट ओरडे, "शाब्बास! दहा गुण!" चुकलं की, "शून्य!"

मुलं खुळावली. जेवायला बोलावलं तरी येईनात. हुप्प्या माकड तर डोळे मिटून दिवे लावी आणि दहापैकी दहा घेई. टिल्ली खार मात्र नेहमी शेवटची. ती दिव्यांना हातच लावत नसे. सरळ मातीचं डोकं उजेडाकडे फिरवी.

"अगं, डोकं नाही हलवायचं, दिवे हलवायचे!" बाई म्हणत.

"पण बाई, डोकंच हलवलं की झालं ना!"

बाई कपाळाला हात लावत.

एके दिवशी सिंहमहाराजांचा निरोप आला. 'आमच्या वाढदिवसाला जंगलभर आमचा फोटो लावायचा आहे. चांगला काढलात तर शाळा राहील. नाहीतर गुहा मोकळी करा, कोल्हा प्रधानाला कोठार हवं आहे.'

बाईंनी शाळेचा कॅमेरा उचलला. त्या हुप्प्याला घेऊन निघाल्या. टिल्ली न बोलावताच मागोमाग गेली.

महाराज खडकावर बसले होते. सूर्य बरोबर त्यांच्या पाठीमागे. हुप्प्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याला घाम फुटला.

"डावीकडे," तो सूर्याला म्हणाला. "अजून थोडा डावीकडे!"

सूर्य हलेना. हुप्प्याने उड्या मारमारून त्याला ढकलायचा प्रयत्न केला. शेवटी डोळे मिटून कळ दाबली.

मग टिल्ली कॅमेरा घेऊन खडकाच्या मागे, सूर्याच्या बाजूला गेली. "महाराज, जरा इकडे वळा."

दरबार गारठला. महाराजांना आजवर कुणी 'वळा' म्हटलं नव्हतं. त्या नवलानेच ते वळले.

टिल्लीच्या फोटोत महाराज जसेच्या तसे आले. पिकलेली आयाळ, तुटका सुळा, नाकावरचा ओरखडा. असा सुंदर फोटो या जंगलात कुणी काढला नव्हता. बाईंचे डोळे भरून आले.

"हा थेरडा कोण?" महाराज गरजले.

बाईंचे डोळे लगेच कोरडे झाले.

हुप्प्याच्या फोटोत महाराजांचं तोंड काळंकुट्ट होतं. "वा!" कोल्हा प्रधान म्हणाला. "शोधूनसुद्धा एक सुरकुती सापडत नाही!"

महाराज खूश. शाळा वाचली. फोटो झाडाझाडावर लागला. पण रेडा समजून कुणी नमस्कार करीना, म्हणून खाली 'महाराज' असं लिहावं लागलं. टिल्लीचा फोटो महाराणीने गुपचूप मागून नेला. "हेच हो आमचे हे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पोपटाला नवा धडा पढवला. आता तिन्ही दिवे डोक्यामागे ठेवले की तो ओरडतो, "शाब्बास! दहा गुण!" टिल्ली अजून डोकंच फिरवते आणि मजेत शून्य घेते.

तात्पर्य : बाळांनो, उजेडाचा अभ्यास मन लावून करावा. म्हणजे राजाच्या तोंडावर तो चुकूनही पडणार नाही, याची काळजी घेता येते.