कोरियाच्या पोरासाठी हरतालिका

आमच्या शेजारची शर्वरी रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला जेवते. कारण "तिकडे" तेव्हा आठ वाजतात. तिकडे म्हणजे कोरियात. तिथं दोरान नावाचा गाणारा पोरगा राहतो, गुलाबी केसांचा. तो आठच्या ठोक्याला मोबाइलवर येऊन साऱ्या जगासमोर जेवतो, म्हणून इकडे आमच्या सक्करदऱ्यात ही ताट घेऊन बसते.

वय तेरा, आठवीत. तिच्या आईबापाचं इतवारीत कापडाचं दुकान आहे. सकाळी जातात ते रात्री नऊला येतात. घराची किल्ली माझ्याकडे असते, त्यामुळे पोरगीही अर्धीअधिक माझ्याकडेच. मी चौथी शिकलेली बाई. मला ती कोरियाची अक्षरं शिकवायला बघते.

एकदा माझ्या विणायच्या सुया नेल्या आणि कोरियातले लोक काड्यांनी जेवतात तशी त्यांनी कोथिंबिरीची सांबारवडी उचलून खाऊ लागली. मी म्हटलं, "हात काहून दिले वं देवानं?"

"आजी, तुले क्लास नाही," ती म्हणाली.

एक दिवस दोरान जेवता जेवता तीनदा शिंकला. दृष्ट लागली म्हणून हिनं मोबाइलवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. एक मोहरी मोबाइलच्या आवाजाच्या भोकात गेली. तेव्हापासून तो पोरगा घसा बसल्यासारखा गातो.

इथवर मी हसत होते. यंदाच्या हरतालिकेला मात्र मी घाबरले.

पूजा गल्लीतल्या बाया माझ्याच घरी करतात. शर्वरीची आई सकाळी सहालाच पूजा उरकून, पाण्याचा थेंबही न घेता दुकानात गेली. उद्यावर गणपती, दुकान बंद ठेवून कसं चालेल? नऊला शर्वरी आली. न्हालेली, हिरव्या बांगड्या भरलेली. वाळूच्या महादेवाला बेल वाहिला आणि शेजारी दोरानचा फोटो टेकवून ठेवला.

"मी पण निर्जळी केली," म्हणाली.

"जावई कोणत्या गोत्राचा वं?" एकीनं विचारलं. बाया पोट धरून हसल्या. मला हसू आलं नाही. कुमारिका हा उपास चांगला नवरा मिळावा म्हणून करतात. तेरा वर्षांची पोर माझ्या घरात, महादेवासमोर, नवरा मागत होती!

तीन वाजेपर्यंत तिचे ओठ सुकले. फरशीवर आडवी झाली. पाणी दिलं तर तोंड गच्च मिटलं. मी तिच्या आईला फोन लावला. "तुझी पोरगी लग्न करून राहिली. ये लवकर."

ती ऑटो करून चारला पोचली. घामाघूम, तिचेही ओठ कोरडे. आल्याआल्या ओरडली, "शर्वरी, लग्नाचं वय आहे का तुझं?"

"लग्न? कोणाचं?" शर्वरी ताडकन उठून बसली. "छी! काहीही काय, आई!"

"मग उपास काहून केला?"

"पंधरा दिवस झाले, तो आला नाही. शेवटल्या दिवशी त्याच्यासमोर नुसतं पाणी होतं. जाडा झाला म्हणते त्याची गाण्याची कंपनी. एका रताळ्यावर दिवसभर नाचवून राहिले त्याले. मी महादेवाले म्हटलं, माझं जेवण त्याले दे."

मग तिच्या आईनं हळूच विचारलं, "पंधरा दिवस तू कोणासंग जेवली?"

"कोणासंगच नाही. तू त नऊले येते न."

पोरगी रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं शाळेची वेळ सांगावी तसं सांगितलं.

साडेचार वाजले. मोबाइल काळाच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग तो दिसला. गाल बसलेले, पुढ्यात वाटीभर भात. वाटीकडे बघत नुसता बसून राहिला.

"खा न गा बाबा!" मी ओरडले. माझ्या तोंडून कसं निघालं, मलाच कळलं नाही.

त्यानं घास घेतला. दुसरा घेतला. शर्वरीनं तांब्या तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला.

"अवं, उपास उद्या सकाळी सोडायचा असते!"

"त्यानं खाल्लं न, आजी. आता काहून उपाशी राहू?"

मी तिला पोळी आणि भेंडीची भाजी वाढली. तिची आई तिच्याशेजारी फरशीवर बसली, त्याच ताटातला घास मोडला आणि तोंडात घातला.

"आई, तुझा उपास! बाबांचा!"

"चूप. जेव."

नवरा होता तोवर चाळीस वर्षं मी हा उपास केला. अंगात ताप असतानाही मोडला नाही. मोडणाऱ्या बाईला मी दारात उभं केलं नसतं. मी उठले आणि शर्वरीच्या आईसाठी आणखी दोन पोळ्या तव्यावर टाकल्या.