गोरज मुहूर्त आणि दोन पालख्या

'पालखीची सावली, नको धरू माझ्या बाळा,
पालखी जाईल पुढं, ऊन राहील कपाळा.'

जात्यावरचा आईचा हा आवाज यज्ञेश्वरपंतांनी लहानपणी पहाटेच्या अर्धवट झोपेत ऐकला होता. पिठासारखा मऊ, कोमट आवाज. पण पंत पुढे मोठे झाले, दफ्तरात कारकून झाले, आणि कारकुनाला आईच्या ओवीपेक्षा सरदारांचा खोकला लवकर ऐकू येतो!

त्या साली पुण्यात माणसं दोनच जातीची होती: पेशव्यांच्या काकांच्या पक्षाची आणि कारभाऱ्यांच्या पक्षाची. भाजीवालीसुद्धा आधी गिऱ्हाइकाचा पक्ष विचारायची, मग वांगी तोलायची. पंतांच्या दफ्तरातले तिघे कारकून चैत्रात घरी बसले. का, तर चुकीच्या सरदाराच्या घरी मुंजीला जेवले म्हणून! तेव्हा लेकीचं, श्यामलेचं, लग्न ठरलं तसा पंतांनी बेत केला.

"पुण्यात आजवर कोणाला जमलं नाही ते मी करून दाखवतो!" ते बायकोला म्हणाले. "काकांचे जयसिंगराव आणि कारभाऱ्यांचे गोपाळकृष्णपंत, दोघेही आपल्या मांडवात! उद्या कोणाचीही सरशी होवो, आपली चाकरी शाबूत!"

"अहो, त्यांचे पक्ष म्हणजे पावसाळ्यातलं वाळवण," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ऊन पडलं की अंगणात, ढग आला की आत. त्यांच्या भरवशावर लेकीचं लग्न?"

"तुला राजकारण कळत नाही."

"बरं."

पुण्याच्या बाईनं वाद न घालता 'बरं' म्हटलं की शहाण्यानं सावध व्हावं. पंत झाले नाहीत.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त गोरजाचा: गाई रानातून परतताना धूळ उडते, त्या वेळचा. जोशीबुवांनी पाण्यात तांब्याची घटिका सोडली. तिच्या बुडाच्या भोकातून थेंब थेंब पाणी चढणार, ती बुडाली की अक्षता!

पंत दारात उभे राहिले. गल्लीच्या जोगेश्वरीच्या देवळाकडच्या तोंडाशी जयसिंगरावांची पालखी आली आणि थांबली. नदीकडच्या तोंडाशी गोपाळकृष्णपंतांची आली. तीही थांबली! पंत धोतर सावरत जोगेश्वरीकडे धावले.

"यावं सरदार, यावं!"

पडदा हलला नाही. चोपदार म्हणाला, "गोपाळकृष्णपंत पोचले का मांडवात?"

"नाही अजून."

"मग आम्ही कसे येणार? आधी येणारा वाट बघत बसतो, मागून येणाऱ्यासाठी मांडव उठून उभा राहतो. आमचे सरदार कोणाची वाट बघत नसतात!"

नदीकडे धावले. तिथल्या चोपदाराचंही तेच पालुपद, फक्त मिशी वेगळी! पुन्हा जोगेश्वरीकडे, पुन्हा नदीकडे. तेल्याच्या बैलालाही इतक्या फेऱ्या नसतील, आणि बैलाला निदान शेवटी पेंड मिळते!

त्यात जोगेश्वरीकडून वराकडची मंडळी वाजतगाजत आली आणि जयसिंगरावांच्या पालखीमागे अडकली. सरदारांच्या पालखीला ओलांडून जायची काय छाती! घोड्यावर बाशिंग बांधलेला नवरदेव घामानं निथळत होता.

"व्याही, आमचा मुलगा इथंच म्हातारा करायचा का?" वरपिता ओरडले.

पंत घरात पाणी प्यायला आले.

"अहो, पालख्या राहू द्या तिकडे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "व्याह्यांना आत घ्यायचं बघा."

"वेडी आहेस? सरदारांच्या आधी अक्षता पडल्या तर उद्या माझी मान पडेल!"

"बरं."

दुसरं 'बरं'! पंतांनी तेही पाण्याबरोबर गिळलं.

आता त्यांना युक्ती सुचली. त्यांनी जोगेश्वरीकडे जाऊन सांगितलं, "गोपाळकृष्णपंत येऊन बसले!" नदीकडे जाऊन सांगितलं, "जयसिंगराव येऊन बसले!" दोन्हीकडे शिंगं फुंकली गेली, ताशे कडाडले, पालख्या हलल्या, आणि दोन्ही बरोब्बर पंतांच्या दारापुढे समोरासमोर आल्या!

"आपण आधी आत व्हा," एक चोपदार म्हणाला.

"छे, छे! मान आपला! आपण आधी!" दुसरीकडच्या भालदारानं भाला रोखला.

"आपण!"

"आधी आपण, म्हणतो ना!"

इतक्या आदबीनं पुण्यात कधी मारामारी झाली नसेल. दाराची केळ मोडली. एकाचं पागोटं रांगोळीत पडलं. काकांची शिंगं वाजली की कारभाऱ्यांची दुप्पट वाजत. आकाश फाटलं असतं तरी कोणाला ऐकू आलं नसतं. पंत मध्ये उभे राहून दोन्हीकडे हात जोडत होते, आणि दोन्हीकडून त्यांनाच कोपरं बसत होती.

नदीकडे सोनेरी धूळ उठली. तेवढ्यात सुहासिनीबाई पन्ह्याचा पेला घेऊन उंबऱ्यात आल्या.

"अगं, घटिका?"

"जोशीबुवा बघताहेत. तुम्ही पालख्या सांभाळा."

"आणि तुझ्या केसांत तांदूळ कसले?"

"लग्नघरात तांदूळच असायचे. मोती कुठून आणू?"

त्या आत गेल्या, आणि गल्लीत गाई शिरल्या. गाई कोणत्याच पक्षाच्या नसतात. त्यांना घर ठाऊक, वासरू ठाऊक. भालदार बाजूला झाले, चोपदार भिंतीला चिकटले. एका कपिलेनं जयसिंगरावांच्या पालखीवरचा झेंडूचा हार तोंडात धरून ओढला. हाराबरोबर पडदाही आला!

आत कोणी नव्हतं. एक लोड, आणि लोडावर नीट ठेवलेली पगडी!

"सरदार कुठे आहेत?" पंत किंचाळले.

पुढच्या दांडीचा भोई भैरू घाम पुसत म्हणाला, "सरदार व्हय? त्ये दुपारीच पर्वतीकडं गेल्यात. आमराईत मेजवानी हाय."

"कोणाची मेजवानी?"

"पंतांची की!"

"कोणते पंत?"

भैरूनं समोरच्या पालखीकडे हनुवटी केली. "त्येच. ती पालखी बी रिकामीच हाय. तिकडचं भोई आमचं मेव्हणं लागत्यात, त्यांनीच सांगितलं. दोघं सरदार मांडीला मांडी लावून जेवत्यात म्हणं."

"अरे, मग इतका वेळ बोलला का नाहीस?"

"इचारलं कुनी? मान राखायला पालखी धाडली व्हती. मान राखला."

काकांसाठी दात पाडून घेतलेला एक भालदार हातातला दात बघत राहिला. कारभाऱ्यांच्या माणसानं त्याला मुकाट्यानं आपला पंचा दिला. शिंगं खाली आली, आणि दोन्ही पालख्या, रिकाम्या होत्या तशाच डुलत, आपापल्या वाटेनं गेल्या.

धूळ खाली बसली होती. पंत मोडक्या केळीशेजारी उंबऱ्यावर बसले. कपाळाला दिवसभराचं ऊन चटचटत होतं.

"गेला!" ते म्हणाले. "माझ्या श्यामूचा मुहूर्त गेला! आता व्याह्यांना काय तोंड दाखवू?"

सुहासिनीबाई शेजारी टेकल्या. पदरानं त्यांनी पंतांच्या कपाळावरचा घाम पुसला. आतून अत्तराचा वास येत होता, आणि शेजारचे नासिर अत्तरवाले चक्क आतल्या ओटीवर गुलाबपाणी शिंपडत हसत उभे होते.

"हे आत कुठून आले?" पंत चक्रावले.

"शिडीवरून," सुहासिनीबाई म्हणाल्या. "मघाशी बोलले नाही. तुम्ही दारातून हलला असतात तर ती सगळी झुंड आत घुसली असती. नासिरभाईंचं पुढचं दार पलीकडच्या गल्लीत उघडतं ना? त्यांच्या परसातून भिंतीला शिडी लावली. आधी व्याही चढले, मग नवरदेव, बाशिंगासकट! घटिका बुडाली त्या क्षणी अक्षता पडल्या. तुमची ती शिंगं वाजत होती, म्हणून मंगलाष्टकं ऐकू आली नाहीत तुम्हाला."

पंतांनी वळून आत पाहिलं.

"कन्यादान तेवढं राहिलंय," त्या उठत म्हणाल्या. "मुलगी पाटावर बसलीय, बाबा आल्याशिवाय हात पुढे करणार नाही म्हणते. येताय आत, का अजून कोणाची पालखी यायची आहे?"