बुटातला खडा आणि स्पेनचा मुकुट

चित्रात जे दिसतं तो चित्राचा अर्थ नसतो. तसा असता, तर डोळे असलेला कुणीही संग्रहालयात नोकरीला लागला असता आणि विद्वानांवर उपासमारीची पाळी आली असती.

नेपल्सच्या एका संग्रहालयात सतराव्या शतकातलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, बरोक शैलीतलं एक चित्र आहे. तळहाताएवढं. त्यात तीन शिपाई. दोघे भाल्यांवर रेलून गप्पा छाटताहेत. तिसरा दगडावर बसून काढलेला बूट झटकतोय. (उजेडाने कागद शिणतो, म्हणून थोडे दिवस भिंतीवर राहिलं की हे चित्र वर्षानुवर्षं अंधारात विश्रांती घेतं. कर्मचाऱ्यांना ही सवलत नाही.)

ओर्नेला योव्हिने तिथे लागल्यापासून हंगामीच होती. यंदा मात्र तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे रोमहून येणारे निरीक्षक ठरवणार होते, आणि ठरवणार होते या चित्राशेजारी लावायला तिने लिहिलेल्या पाटीवरून. तिने लिहिलं : ‘शिपाई बुटातला खडा काढतो आहे.’

संचालक देल्ली पाओलींनी कपाळावर हात मारला.

“अगं, हे तर माझी आईसुद्धा सांगेल. तिला कायम करू का?”

“पण सर, तो खडाच काढतोय.”

“चित्रात खडा दिसतोय?”

“नाही.”

“मग झालं तर. दिसत नाही तिथूनच आपलं काम सुरू होतं.”

पाटीसाठी रीतसर त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. एकाच्या मते रिकामा बूट म्हणजे तेव्हा नेपल्सवर राज्य करणाऱ्या स्पेनचा राजमुकुट, आणि बूट झटकणं म्हणजे सत्ता झटकणं. दुसऱ्याच्या मते अनवाणी पाय म्हणजे आत्म्याची नम्रता. (तिसरे सदस्य कधी आलेच नाहीत. त्यांचं मौन सर्वांत सखोल मानण्यात आलं.) पाटी इतकी लांबली की तिच्यासाठी चित्र जरा कोपऱ्यात सरकवावं लागलं.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला रोमचे निरीक्षक क्वालिया नवे बूट घालून चढावरच्या गल्लीबोळांतून पायी आले, लंगडत. समितीला ते अंतर्मुख वाटले. चित्रासमोरच्या बाकावर ते मटकन बसले, बूट काढला, उलटा केला. टक् करून खडा पडला. समितीचे दोघे शेजारीच छत्र्यांवर रेलून गप्पा छाटत होते.

ओर्नेलाला हसू आवरेना. तिने ओठ चावले.

“पाटी वाचली,” हातातला बूट हलवत क्वालिया म्हणाले. “डोक्यावरून गेली. हा शिपाई नेमकं करतोय काय?”

त्यांच्या पाठीमागून संचालक दोन्ही हातांनी डोक्यावर मुकुट चढवून दाखवत होते. ओर्नेलाने नोकरीवर मनातल्या मनात पाणी सोडलं.

“साहेब, तुम्ही करताय तेच.”

संचालकांनी डोळे मिटले. क्वालियांनी बुटाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा बुटाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

“म्हणजे मीसुद्धा... सत्ता झटकतोय?”

खरं सांगायला ओर्नेलाने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला लाज वाटली, आणि त्याहून किती तरी जास्त आनंद झाला. त्याच संध्याकाळी ती कायम झाली.

तो खडा आता काचपेटीत आहे. त्याची पाटी मात्र कोरी आहे, कारण खडा म्हणजे खडा, असं लिहायची कुणाची छाती होत नाही. तुम्ही हसा खुशाल. पण इथवर येता येता त्या खड्याचा काहीतरी अर्थ तुम्हीही लावलाच असेल. समितीतली तिसरी जागा अजून रिकामी आहे.